याकोबाच्या दारातल्या गाड्या

नाथान संदेष्टा दावीद राजासमोर येतो तेव्हा सगळं उरकलेलं आहे. बथशेबा राजवाड्यात आलेली आहे. तिचा नवरा उरीया लढाईच्या ऐन तोंडावर उभा करून मारला गेलेला आहे. बाळही जन्मलेलं आहे. बोलायची कुणाची छाती नाही. नाथानाजवळ नियमशास्त्र आहे. दहा आज्ञांपैकी निदान तीन तरी राजाने मोडल्यात, त्या एकेक करून त्याला वाचून दाखवता आल्या असत्या. तसं झालं असतं तर पुढे काय, हे सांगायला नको. दरबारात खरं बोलणाऱ्यांचं जे होतं तेच. नाथान त्या वाटेला जातच नाही. तो गोष्ट सांगतो.

एका गावात दोन माणसं. एकाची गुरंमेंढरं मोजता येऊ नयेत इतकी. दुसऱ्याकडे एकच कोकरू, तेही विकत आणलेलं. ते त्याच्या पोरांत वाढलं. त्याच्या ताटातलं खायचं, त्याच्या पेल्यातलं प्यायचं, रात्री त्याच्या कुशीत निजायचं. मग श्रीमंताकडे पाहुणा येतो आणि आपल्या कळपातलं जनावर कापायचं त्याच्या जिवावर येतं. तो गरिबाचं कोकरू नेतो. ऐकता ऐकता राजाचा संताप अनावर होतो. असल्या माणसाला जगायचा हक्क नाही, कोकराची चौपट भरपाई वसूल करा, असा निवाडा तो देऊन मोकळाही होतो. त्यानंतर नाथान सांगतो, निवाडा कुणाचा झाला ते.

ताट, पेला, कूस. कायदा सांगायला या तिन्हींची गरज नव्हती. पण दावीद मुळातला मेंढपाळ. कोकरू कुशीत कसं निजतं, त्याच्या श्वासाची ऊब बरगड्यांना कशी लागते, हे त्याच्या अंगाला ठाऊक होतं. राजेपणाखाली गाडला गेलेला तो पोरगा नाथानाने हाक मारून वर आणला. बायबलमध्ये मोठमोठे वक्ते आहेत, पण माझ्या लेखी पहिल्या पाटावर बसवावा असा हाच. बायबल लोकांना आवडावं म्हणून आपण किती खटाटोप करतो: पत्रकं, स्पर्धा, पाठांतराची बक्षिसं. आणि तो ग्रंथ स्वतः काय करतो, तर दर चार पानांआड कुणीतरी कुणाला तरी गोष्ट सांगत बसलेलं असतं.

माझं लहानपण अहमदनगरच्या ख्रिस्ती वस्तीत गेलं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला अजून नगरच सोपं जातं. रविवारी सकाळी शब्बाथशाळा असायची. तिथे गोष्टी सांगत, पण लगबगीने. योसेफाचा रंगीत अंगरखा यायचा, खड्डा यायचा, मिसरकडे निघालेले व्यापारी यायचे, आणि ते वळणाआड जायच्या आतच प्रश्न यायचा: यावरून आपण काय शिकतो? आम्ही एका सुरात सांगायचो, भावाभावांत मत्सर नसावा. हे काही खोटं नव्हे. पण एवढ्यासाठी त्या पोराला खड्ड्यात टाकायची काय गरज होती? भिंतीवर पाटी लावून भागलं असतं.

आजी तीच गोष्ट सांगायची तेव्हा अंगरख्यापाशी फारशी रेंगाळायची नाही. तिचं ठिकाण पुढे होतं. योसेफ मिसरात मोठा अधिकारी झालेला आहे. दुष्काळात धान्य मागायला आलेल्या भावांना त्याने ओळख दिलेली आहे, आणि म्हाताऱ्या बापाला आणायला गाड्या धाडल्या आहेत. भाऊ घरी येऊन सांगतात, योसेफ जिवंत आहे. याकोबाचं काळीज बधिर होतं. त्याचा विश्वास बसत नाही. पोरं सगळं सांगतात, तरी बसत नाही. मग त्याला दारात उभ्या असलेल्या गाड्या दिसतात, आणि म्हाताऱ्यात जीव येतो.

“गाड्या बघितल्या त्यानं,” एवढं म्हणून आजी वाटाणे सोलायला लागायची. आम्ही म्हणायचो, मग? तर म्हणायची, “मग काय? बोलण्यावर कसा विश्वास ठेवील तो? बावीस वर्षांमागं हीच पोरं रक्तानं माखलेला अंगरखा घेऊन आली होती, तेव्हा ठेवला होता त्यानं विश्वास. आता तीच तोंडं दुसरं काही सांगतात. पण गाड्या कुठनं आणतील रे ही दळभद्री? दाणे आणायला गाढवं घेऊन गेलेली पोरं.”

उत्पत्तीच्या पुस्तकात हे स्पष्टीकरण नाही. तिथे नुसत्या गाड्या आहेत. पण अंगरखा आणि गाड्या समोरासमोर ठेवल्या की सगळा याकोब उलगडतो: आयुष्यभर वस्तूंवरून माणसं ओळखत आलेला, स्वतः पूर्वी बकऱ्याचं कातडं हातांना गुंडाळून आंधळ्या बापाला फसवलेला, आणि म्हणून पुढे अंगरख्याने फसलेला. हे आजीने कधी समजावून सांगितलं नाही. तिने फक्त योग्य जागी थांबायचं ठरवलं होतं.

ही थांबायची जागा तिला कीर्तनात सापडली होती. अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरला आली १८३१ साली, आणि १८६०च्या दशकात इथल्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तन उभं राहिलं. त्या प्रवासात कृष्णराव सांगळे यांचं नाव आजही आवर्जून घेतलं जातं. बुवा उभे, मागे टाळकरी, तबला, पेटी, आणि आख्यान कुणाचं, तर उधळ्या पुत्राचं. आजीचे वडील असल्या कीर्तनांत टाळ धरायचे. त्यांच्यामागे बसून तिने जे ऐकलं ते तिच्या बोलण्यात मुरलं.

कीर्तनाचा घाट बारकाईने पाहण्यासारखा आहे. नारदीय कीर्तनात निरूपण पूर्वरंगात होतं. तत्त्व, उपदेश, वचनांचे आधार, जे काय शिकवायचं ते बुवा आधीच शिकवून घेतात. मग मध्यंतराचा नामगजर, आणि त्यानंतर उत्तररंगात आख्यान. म्हणजे शिकवण आधी आणि गोष्ट मागून. शेवटी बुवा मूळ पदावर येतात, आरती होते, पण लोक घरी जाताना जे खांद्यावर घेऊन जातात ती गोष्ट असते. आमच्या शब्बाथशाळेने नेमका याचा उलटा घाट घातला होता. गोष्ट आधी, तात्पर्य शेवटी. त्यामुळे आम्ही तात्पर्य घेऊन घरी जायचो आणि जेवायच्या आत विसरायचो. मला वाटतं, बायबलची गोडी लागण्या-न लागण्यातला निम्मा फरक या क्रमात आहे.

हा घाट ओळखणारा पहिला माणूस मात्र नगरचा नव्हे, गोव्याचा; आणि गोव्याचाही नव्हे, इंग्लंडातला. फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि उरलेलं आयुष्य त्याने तिथेच, बहुतेक साष्टीत काढलं. त्याचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलच्या छापखान्यात छापलं गेलं: दहा हजारांहून अधिक ओव्या, मराठी भाषा, रोमन अक्षरं. पुराणाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक जण पाद्रींना विचारतो: तुमची शिकवण चांगली आहे, पण आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग वेळ घालवायला, मन रमवायला आम्ही वाचायचं काय? आम्हाला तुमचं पुराण द्या.

हा प्रश्न मी कितीदा वाचला तरी घशात अडकतो. साष्टीतली देवळं त्याआधीच पाडली गेली होती. पोथ्या घरात ठेवायची चोरी होती. ज्यांच्याकडून गोष्टी काढून घेतल्या तेच गोष्ट मागताहेत, आणि ज्यांनी काढून घेतल्या त्यांच्यातल्याच एकाला ही भूक कळते आहे. ही बाजू सोडून क्रिस्तपुराणाचं नुसतं कौतुक करणं मला जमत नाही. पण स्टीफन्सचं ऐकणंही नाकारता येत नाही. त्याने प्रश्नोत्तरांचं आणखी एक पुस्तक हातात ठेवून त्यांची बोळवण केली नाही. ओवी घेतली. श्रोत्यांना मधे बोलू दिलं, शंका विचारू दिल्या, पुराणिकासारखं त्यांना उत्तर देत देत पुढे गेला. स्वर्गाला वैकुंठ म्हणायलाही तो कचरला नाही. सतराव्या शतकात हे पुराण तीनदा छापलं गेलं. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठे सापडत नाही. हाती राहिलं ते हस्तलिखितांतून, म्हणजे कुणीतरी बसून उतरवून घेतलं, कारण कुणाला तरी ते ऐकायचं होतं. टिपू सुलतानाने मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला नेलं, तेव्हा त्यांनी हेच पुराण म्हणत दिवस काढले, असं सांगतात.

पुराण सांगणाऱ्यांच्या घरातूनच मराठी बायबलला आणखी एक माणूस मिळाला. पंडिता रमाबाईंचं लहानपण तीर्थक्षेत्रांच्या वाटांवर गेलं. आईवडील देवळांच्या आवारात पुराण सांगत, पुढे त्याही सांगू लागल्या. दुष्काळाने आईवडील नेले, तरी भावाबरोबर पुराण सांगत भटकणं चालूच राहिलं. त्याच रमाबाई पुढे केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि सगळं बायबल मराठीत आणलं. तिथल्या बायकांनी खिळे जुळवले, छपाई केली. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर आला १९२४ मध्ये. त्यांचा हट्ट होता तो साध्या बाईला कळावं हा. देवळाच्या पायरीवर बसलेल्या बाईला काय कळतं आणि कुठे तिचं लक्ष उडतं, हे पुराणिकाच्या लेकीइतकं कुणाला कळणार?

इथे मला माझ्याच म्हणण्याला छेद देणारा एक पुरावा नोंदवायला हवा. नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो आगगाडीत, एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाकडून. वाचायचं कबूल केलं म्हणून ते वाचू लागले आणि अडकले कुठे, तर डोंगरावरील प्रवचनात. तिथे आख्यान नाही. सरळसरळ उपदेश आहे. तेव्हा गोष्टीनेच प्रेम जडतं असा नियम काही करता येत नाही. टिळक कवी होते, त्यांना वचनांतला नाद पुरेसा झाला असेल. पण स्वतः लोकांना द्यायची वेळ आली तेव्हा त्याच टिळकांनी प्रवचनांवर भाष्य लिहायला घेतलं नाही, ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ घेतलं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा त्याचे सुरुवातीचेच अध्याय झाले होते. बाकीचा डोंगर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी उचलला. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी बाई ती. माणसं कशी बोलतात, कुठे रुसतात आणि कुठे गप्प बसतात, हे तिला शिकवायला कुणी लागलं नाही.

गप्प बसण्यावरून आठवलं. बायबलची कथनरीत आपल्या आख्यानांपेक्षा फार कृपण आहे. आपल्याकडे राजा दुःखी झाला की चार ओव्या दुःखाच्या, नायिका आली की तिच्या पायांतल्या पैंजणांपासून सुरुवात. तिथे आब्राहाम मुलाला बळी द्यायला घेऊन तीन दिवस चालतो, आणि त्या तीन दिवसांत बाप काय विचार करत होता याचा एक शब्द नाही. सांगणाऱ्याला मोह होतो तो इथेच. तो भरायला लागतो. आब्राहामाच्या डोळ्यांत पाणी आणतो, इसहाकाच्या तोंडी करुण वाक्यं घालतो, हल्ली तर मागे कीबोर्डवर हळवं संगीत लावतो. मला हे आवडत नाही. मराठी कान भरलेपण मागतो हे खरं, स्टीफन्सने ते सढळ हाताने दिलं हेही खरं. पण प्रसंग रंगवणं निराळं आणि त्यातलं मौन बुजवणं निराळं. लाकडं पोराच्या पाठीवर आहेत, विस्तव आणि सुरी बापाच्या हातात. एवढं सांगावं. धोक्याच्या दोन्ही वस्तू बापाने आपल्याकडे ठेवल्या आहेत, पोराला लागू नये म्हणून. ऐकणाऱ्याच्या हे लक्षात येतं, थोड्या वेळाने येतं, आणि आलं की सुटत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा पेटतो. पहिला मुख्य याजकाच्या अंगणात. थंडी आहे, नोकर शेकत उभे आहेत, पेत्रही त्यांच्यात उभा राहून शेकतो आणि येशूला तीनदा नाकारतो. दुसरा तिबिर्याच्या सरोवराकाठी, पहाटे. रात्रभर जाळ्याला काही लागलेलं नाही. काठावरून कुणीतरी सांगतं, उजवीकडे टाका. जाळं भरतं. पेत्र पाण्यात उडी टाकून काठाला येतो, तर निखारे पेटलेले, त्यावर मासळी, बाजूला भाकर. न्याहारी होते, आणि मग त्याला तीनदा एकच प्रश्न विचारला जातो, माझ्यावर प्रेम करतोस का? पहिल्या विस्तवाचा उल्लेख दुसऱ्यापाशी कुणीच करत नाही. ना येशू, ना पेत्र, ना लिहिणारा. जाळ्यात मासे किती होते तेवढं मात्र नोंदवून ठेवलंय: एकशे त्रेपन्न. एवढ्या मोठ्या सकाळी कोणीतरी बसून मासे मोजले. मला या मोजणाऱ्याचं फार अप्रूप वाटतं. कोळीवाड्यात हा भाग सांगितला तर आकड्यापाशी माना डोलतात, कारण मोजल्याशिवाय वाटे कसे पडणार?

ऐकणारा गोष्टीत काय ओळखतो, हे सांगणाऱ्याच्या हातात नसतं. पाथर्डीकडच्या एका वस्तीवर महिलांच्या संगतीत रूथची गोष्ट सांगायची होती. त्या भागातून दर वर्षी जोड्याच्या जोड्या ऊसतोडीला खाली जातात. मी रूथच्या निष्ठेवर बोलायची तयारी करून गेले होते. पण पुस्तकाचं पहिलंच वाक्य दुष्काळाचं आहे. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून एक कुटुंब मवाबात जातं. तिथे नवरा जातो, दोन्ही मुलं जातात, आणि नामी रिकाम्या हातांनी परत येते, बरोबर परदेशी सून. एवढं सांगेपर्यंत बायकांनी गोष्ट माझ्या हातातून घेतली होती. परत आल्यावर गावातल्या बाया कशा बघतात ते त्यांनी मला सांगितलं. रूथ शेतात सरवा वेचायला जाते तिथे एकीने विचारलं, मालकाला विचारून गेली का तशीच? विचारून, म्हटलं. मान हलली.

दुपारी शेताचा मालक बवाज तिला जेवायला बोलावतो, भाजलेले दाणे देतो. ती पोटभर खाते आणि उरलेले सासूसाठी राखून ठेवते. “पदरात बांधले असतील,” मागून आवाज आला. मग बवाज गड्यांना बजावतो की पेंढ्यांतून थोडं मुद्दाम पडू द्या, तिला बोलू नका. इथे मी थांबले. आजीची सवय. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग एक वयस्कर मावशी शेजारणीला म्हणाल्या, “हातात दिलं असतं तर तिला लाज वाटली असती. पाडून दिलं.” निष्ठेवरचं माझं टिपण पिशवीतच राहिलं.

सगळ्याच गोष्टी अशा पदरात बांधून नेण्यासारख्या नाहीत. शास्त्यांच्या पुस्तकात इफ्ताह नवस बोलतो आणि त्याची एकुलती एक मुलगी त्या नवसाला बळी जाते. जाण्याआधी ती दोन महिने मागून घेते आणि मैत्रिणींबरोबर डोंगरांवर रडत फिरते. तिचं नाव पुस्तकात नाही. तरुण मुलींसमोर मी ही गोष्ट टाळत नाही. टाळून जे प्रेम जडेल ते पहिल्या कडू पानाशी तुटेल. त्या मुली मग बापावर चिडतात, देवावर चिडतात, लिहिणाऱ्यावर चिडतात. चिडू द्यावं. मैत्रिणींबरोबरचे ते दोन महिने कुणीतरी आठवणीत ठेवले म्हणूनच आपल्यापर्यंत आले, एवढं मात्र मी सांगते.

मंडळीबाहेरच्या मराठी वाचकाला या गोष्टी ऐकायला मिळतातच असं नाही. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ केलं ते बहुधा हीच उणीव डोळ्यांपुढे ठेवून. त्या अनुवादाला २०१३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि २०२० मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. माझ्या ओळखीच्या एका संस्कृतच्या प्राध्यापकांनी त्यांचा तो जाडजूड ग्रंथ घेतला आणि उपदेशक, ईयोब सोडून थेट योना गाठला, कारण लहान होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन: “अहो, हे पुस्तक संपतं कसं? देव योनाला प्रश्न विचारतो आणि पान संपतं! उत्तर कुठाय?” उत्तर नाही, म्हटलं. निनवेत लाखावर अजाण माणसं आहेत आणि पुष्कळ गुरंढोरंही आहेत, त्यांची मला कीव येऊ नये का, एवढं विचारून देव थांबतो. “गुरंढोरं!” ते खूश होऊन म्हणाले. त्यानंतर त्यांनी ईयोब वाचायला घेतला.

उधळ्या पुत्राची गोष्टही अशीच सोडलेली आहे. धाकटा परत आला, पुष्ट वासरू कापलं, गाणं-बजावणं सुरू झालं. थोरला शेतातून येतो, आवाज ऐकतो, गड्याला विचारतो, आणि रागाने आत जात नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. लूक इथे गोष्ट संपवतो. थोरला आत गेला की अंगणातच उभा राहिला, ते लिहिलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात सुट्टीतल्या बायबल शाळेत मी मुलांना इथपर्यंत आणलं आणि वही मिटली. एकच कल्लोळ. जायला पाहिजे होतं. का म्हणून जायचं, त्याला साधं करडू तरी कधी दिलं होतं का मित्रांबरोबर खायला? बाप स्वतः बाहेर आला ना पण! आणि आतले पाहुणे काय म्हणाले असतील? मागच्या रांगेतल्या एका मुलीला वेगळीच काळजी पडली होती, इतक्या माणसांत त्याच्यापुरतं वासरू उरलं असेल का?

दोन दिवसांनी त्यांच्यापैकी दोघांच्या आईचा फोन आला.

“ताई, तो आत गेला की नाही ते एकदा सांगून टाका हो. घरात जेवताना नुसती भांडणं चाललीत.”

लिहिलेलंच नाही, म्हटलं. मुलं काय म्हणतात?

“धाकटा म्हणतो गेला. आमचा थोरला म्हणतो, शक्यच नाही.”